चौथ्या मजल्यावरचं चित्र

३ फेब्रुवारी, मंगळवार

घाबरण्यासारखं काही नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको.

गळ्यात डाव्या बाजूला गाठ आहे. वाटाण्याएवढी. गळ्याच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी चाचपली. गिळा म्हणाले, गिळलं. पुन्हा गिळा म्हणाले, पुन्हा गिळलं. तिसऱ्यांदा गिळायला तोंडात काही उरलं नाही असं सांगितलं तर हसले. शुक्रवारी सुई घालून तपासू म्हणाले. सुईचं काम शुक्रवारीच असतं. निघताना काउंटरवरची मुलगी मजल्यांचं काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष समोरच्या भिंतीवर होतं.

भिंतीवर एक मोठं चित्र आहे. उभंच्या उभं, दाराएवढं. विटकरी रंगावर एक बाई. मान हातभर लांब. तोंड एका बाजूला वळलेलं, पण डोळे दोन्ही त्याच बाजूला. डोक्यावर घडा, घड्यातून झाड निघालेलं, झाडावर पाच काळे पक्षी. पायाशी मासा. हात काटकीसारखे, बोटं मोजून तीन.

मॅट्रिकला मला चित्रकलेत एकसष्ट मार्क होते. तेव्हा हे चित्र कोणीतरी नीट समजून घ्यायचं असेल तर ते मीच. हिशेबाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात निरीक्षणं लिहायची. डावीकडे शुभ, उजवीकडे अशुभ.

जप : चव्वेचाळीस. (लिफ्टने जात नाही. पायरीमागे एक नाम.)

शुक्रवारी सुई. ठरलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार

भांडी घासताना अर्थ लागला. घडा म्हणजे देह. पोथीत जागोजागी आहे. पाच पक्षी म्हणजे पंचप्राण, यात वाद नाही. पाचही जागच्या जागी बसलेत, एकही उडायच्या बेतात नाही. शुभ. मासा म्हणजे मन. पाण्याबाहेर आहे तरी डोळा उघडा, म्हणजे जिवंत. शुभ.

बाईच्या मानेवर एक लाल रेघ आहे. आडवी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिचा विचार नंतर करू.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसतात, त्यामुळे जगातल्या बाकीच्या गोष्टी ह्यांना मोठ्या वाटतच नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, सुई किती वाजता? मी म्हटलं, अहो, मी चित्राबद्दल बोलते आहे. म्हणाले, मी सुईबद्दल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चार पक्षी.

पुन्हा मोजले. चार. आणि घडा कलला आहे. मंगळवारी सरळ होता, मी शपथेवर सांगते. झाडही घड्याबरोबर वाकडं झालंय.

एक प्राण गेला.

काउंटरवर आज दुसरीच मुलगी होती. तिला म्हटलं, घसा धरला आहे, आज सुई नको. ती म्हणाली, मावशी, घशाचेच डॉक्टर आहेत की. मी म्हटलं, म्हणूनच त्यांना त्रास नको. आणि निघून आले. हात थंड पडले होते, पण ते तिथल्या पंख्यामुळे.

ह्यांना सांगितलं, डॉक्टर कामात होते. हे काही एकदम खोटं नाही. डॉक्टर कामात असतातच.

जप : सहासष्ट. गळ्याच्या पेशंटांच्या मागोमाग चढले, तर आपोआप बावीसने वाढला. श्रद्धा वाढली की असं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आरशात मान पाहिली. रेघ नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मुद्दाम गेले. पुन्हा पाच! घडा सरळ. झाड सरळ. मला इतका आनंद झाला की खुर्चीवरच्या अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितलं, पाच आहेत. ते म्हणाले, माझा नंबर सातवा आहे.

लगेच काउंटरवर गेले, म्हटलं आत्ताच सुई घाला. मुलगी म्हणाली, सुई शुक्रवारीच. मी म्हटलं, आज चांगला योग आहे. ती म्हणाली, शुक्रवारी दहाला या, आणि उपाशी येऊ नका.

म्हणजे माझी तयारी होती. हे नोंदवून ठेवते. आडकाठी दवाखान्याची आहे.

जप : चव्वेचाळीस. (कमी का झाला, देव जाणे. चालताना मन चित्रात असेल.)

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चार. कललेला घडा.

आज रेघ जास्त लाल वाटली. आणि ते दोन्ही डोळे. कुठेही बसलं तरी बघतात. मी तीन खुर्च्या बदलल्या. तिसऱ्या खुर्चीवरून उठले ती थेट जिन्यात. मागून काउंटरवरची मुलगी ओरडली, मावशी, तुमचाच नंबर आला! मी ऐकलं नाही असं केलं. ती जिन्याच्या कठड्यावरून म्हणाली, असं दर शुक्रवारी दर्शनाला येऊन जायचं असेल तर नंबर कशाला लावता, मागे लोक ताटकळलेत.

बोलायची पद्धत बघा. तक्रार लिहायला हवी. कोणाकडे लिहायची ते बघते.

दर मंगळवारी शुभ, आणि मंगळवारी सुई नाही. शुक्रवारी सुई, आणि दर शुक्रवारी अशुभ. हा योगायोग नव्हे. मला कोणीतरी थांबवतं आहे. देवाची योजना अशीच असते, फक्त वाचता यावी लागते.

जप : सहासष्ट.

१५ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. ती कॉलेजात शिकवते, चित्रांची प्रदर्शनं बघते, तिला विचारलं. म्हणाली, आई, मॉडर्न पेंटिंगमध्ये पक्षी मोजायचे नसतात, आकार बघायचे. रंगाचं वजन कुठे आहे, नजर कुठून कुठे जाते. मी म्हटलं, नजर मानेवर जाते. तशी ती म्हणाली, बाबांनी सांगितलं, दोनदा परत आलीस. आई, तू घाबरली आहेस का?

दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

(गॅसवर दूध नव्हतं. पण मी ते तापवायला ठेवणारच होते.)

गाठ आहे तेवढीच आहे. कदाचित थोडी बोराकडे झुकली आहे. छोटं बोर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साक्षीदार म्हणून ह्यांना घेऊन गेले. दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला लागलं, त्याचं मला वाईट वाटलं, पण ह्यांनी आपणच कुलूप लावलं.

चित्रासमोर उभं केलं. म्हटलं, मोजा. पाच म्हणाले. म्हटलं, आता लक्षात ठेवा, शुक्रवारी हेच चार होतात आणि घडा कलतो. ह्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि चित्राला नाक टेकेपर्यंत जवळ गेले. खुर्च्यांवरचे सगळे बघायला लागले. मग मला म्हणाले, चल. लिफ्टमध्ये घातलं. मी डोळे मिटून घेतले. दार उघडलं तर समोर चार पक्षी, घडा कललेला.

हे म्हणाले, अगं, चित्र बदललं नाही, मजला बदलला. तो दुसरा, हा तिसरा. डॉक्टर शुक्रवारी इथे बसतात, पाटीच लावली आहे. तिसऱ्या मजल्याच्या काउंटरवर ती कठड्यावरून ओरडणारी मुलगी होती. तिने ह्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ह्याच का त्या?

परतताना पहिल्या मजल्यावरही उतरलो. हाडांचा विभाग. तिथेही तीच बाई. सात पक्षी.

जिन्यात हे म्हणाले, बावीस पायऱ्या जास्त चढलीस, तेव्हा तरी शंका यायची. मी म्हटलं, मी नामस्मरणात होते. म्हणाले, ते दिसतंच आहे.

इतकं हसण्यासारखं काही नव्हतं.

१७ फेब्रुवारी, तोच दिवस. संध्याकाळ

दिवा लावताना लख्ख उलगडा झाला. उलट आता तर अर्थ पक्का झाला! पहिल्या मजल्यावर सात, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर चार. माणूस जसजसा वर जातो, तसतसे पक्षी कमी होतात.

ऑपरेशनचं थिएटर चौथ्या मजल्यावर आहे.

सात, पाच, चार. पुढचा आकडा मॅट्रिकच्या गणिताने निघत नाही, पण तो वाढत नाही हे नक्की.

अशुभाच्या बाजूला जागा संपली. शुभाच्या बाजूला लिहायला सुरुवात केली आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुई झाली. आपणहून करून घेतली.

(हे माझ्यासोबत होते. चित्राच्या बाजूने चालले, म्हणजे मला ते दिसू नये. आत माझं मनगट धरून उभे राहिले, नाजूक घड्याळ धरतात तसं, ना घट्ट ना सैल. त्याचा निर्णयाशी संबंध नाही.)

नंतर जरा भोवळ आली. आदल्या दिवशी कमी जेवले होते म्हणून. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांना येते. मी म्हटलं, मला नेहमी येत नाही. ते म्हणाले, नेहमी कोण सुई घालतं?

उद्यापासून रोज पहाटे चालायला जायचं. तळलेलं बंद. मन शांत ठेवायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चालायला गेले नाही. गार होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. सुईने नक्की सांगता येत नाही म्हणे. वाईट असेलच असं नाही, नसेलच असंही नाही. गाठ काढून तपासायची, मगच कळेल. डॉक्टरांनी फार सांभाळून सांगितलं. इतकं सांभाळून सांगितलं की मीच त्यांना म्हटलं, पाणी घ्या.

तीन मार्चला, मंगळवारी. चौथा मजला.

काही विचारायचं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. हे म्हणाले, किती वेळ लागेल, आवाजाला काही होईल का, असं सगळं. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, चौथ्या मजल्यावर भिंतीवर काय आहे? डॉक्टर ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी छताकडे बघितलं.

सहीच्या कागदावर सही केली नाही. पेनाची शाई फिकट होती. घरी आणला आहे. आधी चौथ्या मजल्यावरचं चित्र बघायचं, मग सही. हे माझं शेवटचं ठरलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जिन्याने चौथ्या मजल्यावर जायचा प्रयत्न केला. तिसरा मागे टाकला, तर चौथ्याच्या दाराशी शिपाई. आत पेशंटच फक्त. मी म्हटलं, मी पेशंटच आहे. म्हणाला, आजच्या का? म्हटलं, मंगळवारची. म्हणाला, मग मंगळवारी या. मी म्हटलं, एकदा नुसतं डोकावू दे, भिंत बघायची आहे. तो म्हणाला, बाई, इथे येणारी माणसं भिंत बघायला येत नाहीत.

सत्त्याऐंशी पायऱ्या चढले. अठ्ठ्याऐंशीव्या पायरीवर तो उभा होता.

कागदावर सही नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्रकारीण भेटली!!

हाडांच्या विभागात ते पहिलं चित्र खाली उतरवून ठेवलेलं, आणि एक बाई जमिनीवर मांडी घालून त्याच्या मागच्या बाजूला बारीक खिळे ठोकत होती. कापड ढिलं झालं होतं म्हणे. माझ्याच वयाची. नखांत रंग. मी विचारलं, तुम्ही दुरुस्तीवाल्या का? म्हणाली, दुरुस्तीवाली, काढणारी, सगळं मीच.

मी तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. एकेक विचारलं.

पक्षी सात, पाच, चार का? ती म्हणाली, कोणते पक्षी? मी बोट ठेवलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, ती पानं आहेत. या बाजूला लाल फार झालं होतं, चित्र एकीकडे कलत होतं, म्हणून इथे काळं ठेवलं. जिथे जेवढं लागलं तेवढं.

मान लांब का? कॅनव्हास उंच निघाला. डोकं वर न्यायचं होतं, मध्ये काहीतरी हवंच ना.

डोळे दोन्ही एका बाजूला का? आधी भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांकडे शिकले, म्हणाली. त्या म्हणायच्या, बाजूने काढलं तर एक डोळा हरवतो, मग ती बाई अर्धीच राहते. म्हणून दोन्ही इकडेच आणायचे. त्या सावलीही काढत नाहीत. सावली काढली की वेळ ठरते, आणि ही बाई वेळेत अडकायची नाही.

मासा? खालचा कोपरा रिकामा होता.

मग मी ती रेघ विचारली. माझा आवाज जरा बसला होता, गाठीमुळे. ती म्हणाली, कुठली रेघ? मी मानेवर बोट ठेवलं. चित्राच्या नव्हे, माझ्याच मानेवर ठेवलं गेलं. तिने ते पाहिलं. हातातली हातोडी खाली ठेवली.

मग म्हणाली, ती रेघ मी काढलेलीच नाही. आधी सगळ्या कापडाला लाल रंग देते. मग वरून मान रंगवते, डोकं रंगवते, आणि दोघांच्या मध्ये बोटभर जागा सोडते. तिथे मागचं लाल दिसतं एवढंच. तिथे मी ब्रश लावलेलाच नाही.

तिचा ब्रश पेटीत पडला होता, मी उगाच तो उचलून पाहिला. मग शेवटचं विचारलं. चौथ्या मजल्यावर कोणतं चित्र आहे?

ती म्हणाली, चौथ्यावर नाही. तिथे सगळीकडे फरशी लावली आहे, पुसायला सोपं जावं म्हणून. तिथली भिंत रिकामी आहे.

२७ फेब्रुवारी, पुढे

रिकामी भिंत.

सगळं लिहून काढलं तरी बरं वाटेना. निदान चार पक्षी तरी होते. पानं. तीन म्हणाली असती तरी चाललं असतं. दोन चाललं असतं. रिकाम्या भिंतीचा अर्थ कोणत्याच बाजूला लिहिता येत नाही.

शुभ-अशुभ दोन्ही रकाने खोडले.

१ मार्च, रविवार

सही केली. पेनाची शाई ठीक होती.

मुलगी आली. येताना तिने दूध आणलं, गॅसवर ठेवलं, आणि ते उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली. म्हणाली, आता तरी फोनवर खोटं बोलू नकोस. ही मुलगी नेमकी कोणावर गेली आहे, कळत नाही.

२ मार्च, सोमवार

पिशवी भरली. जपाची माळ, चष्म्याची डबी, टॉवेल, ही वही, पेन्सिल.

उद्याचं ठरलं आहे. स्ट्रेचरवर डोळे मिटणार नाही. एकशे आठ नामं म्हणणार, सावकाश. कोणाला काही विचारणार नाही. भिंतीकडे बघणार. रिकामी तर रिकामी. मी घाबरलेली नाही, फक्त थोडी थकले आहे.

देवघरात बसले. देवाला म्हटलं, ठीक आहे. ह्यापुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं, ठीक आहे.

६ मार्च, शुक्रवार

बोलायला बंदी. म्हणून आज जास्त लिहिते.

ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही. चौथ्या मजल्यावर गेल्या गेल्या सिस्टरने चष्मा काढून डबीत ठेवला. भिंत रिकामी होती का, मला माहीत नाही. पांढरं दिसलं, मग एक दिवा, मग आणखी एक. जप सुरू केला. अकरापर्यंत आठवतो. त्यातही तीन-चार नामं दोनदा झाली असावीत.

गाठ काढली. बोराएवढीच होती म्हणे. तपासायला गेली आहे. रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी, तिसरा मजला. गळ्याला पट्टी. पट्टीखाली काय आहे ते मला माहीत आहे. आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आज सकाळी हे येऊन खुर्चीवर बसले. काय हवं, काय नको, विचारत होते. पाणी? उशी? मुलीला बोलावू? मी मान हलवू शकत नव्हते, ह्यांना हो-नाही काहीच कळेना. मग ह्यांनी ही वही माझ्या मांडीवर ठेवली, पेन्सिल हातात दिली आणि म्हणाले, लिही.

मी लिहिलं, पाणी. ते खोडलं. उशी लिहिलं, तेही खोडलं.

मग लिहिलं, भीती वाटते.

अक्षर फार बारीक आलं. ह्यांनी सवयीने खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि वाचलं. बराच वेळ वाचत होते. दोन तर शब्द होते. मग भिंग काढलं नाही, डोळा तसाच झाकलेला ठेवला. माझ्या हातातली पेन्सिल घेतली. ह्यांना बोलायची बंदी नव्हती, तरी ह्यांनी माझ्या ओळीखाली लिहिलं :

मलाही.

एवढा जोर लावून लिहिलं की टोक मोडलं. माझी पेन्सिल. अजून महिनाभर सहज चालली असती.